शंभर मिलिमीटरची बाटली : सत्तरीतील एका पर्जन्यवहीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील, म्हादईच्या एका उपनदीकाठच्या गावातील आहे. गावाचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही. गावाची उपजीविका डोंगरउतारावरील काजू, सखल भागातील कुळागरे (नारळ-पोफळीच्या बागा) आणि थोडे पावसाळी भात यांवर चालते. काजूला साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मोहोर येतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत बी व बोंडू हाती लागतात. बोंडूचा रस भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीवर, जातो, त्यापासून आधी हुराक व पुढे फेणी तयार होते. त्यामुळे मोहोराच्या दिवसांत आभाळ भरून आले, की गावात चिंता पसरते. ढगाळ व दमट हवेत ढेकण्या किडीचा उपद्रव वाढतो, मोहोर करपतो आणि पावसाची एखादी सर आली तर तो गळूनही पडतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि त्याच वर्षी जुलैच्या उत्तरार्धात सत्तरी व डिचोली तालुक्यांत पूर आला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले आणि त्या वर्षी मोसमी पाऊस गोव्यात ११ जून रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा उशिरा, पोहोचला. लागोपाठच्या या घटनांनंतर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने असे ठरविले, की ‘आपल्या भागातील हवामान बदलले आहे’ हे आकड्यांनिशी मांडणारे टिपण तयार करून ते ग्रामसभेपुढे व विभागीय कृषी कार्यालयापुढे ठेवावे. आकडेमोडीसाठी समितीने प्रस्तुत लेखकाची मदत मागितली.

आकड्यांचा मुख्य आधार गावातच होता. एक वयोवृद्ध बागायतदार, ज्यांना सगळे भाई म्हणतात, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या अंगणात पाऊस मोजत आले होते. फायबरग्लासचा साधा पर्जन्यमापक, आत बाटली, मोजण्याचे काचपात्र आणि दरवर्षी एक नवी वही, एवढीच त्यांची सामग्री होती. तालुक्यातील वाळपई येथे शासकीय पर्जन्यमापन होतेच. तथापि एका माणसाने एकाच अंगणात इतकी वर्षे ठेवलेली नोंद दुर्मीळ असते, आणि समितीला तिचे अप्रूप वाटले ते योग्यच होते.

अडचण

समितीच्या सचिवांनी वह्यांची पहिली बेरीज स्वतः केली. निष्कर्ष धक्कादायक होता. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. वहीच्या आरंभीच्या दीड-दोन दशकांत अति जोरदार पावसाचे दिवस जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर मात्र ते दर पावसाळ्यात दिसू लागले होते. सचिवांनी टिपणाचा मसुदा त्याच आधारे लिहिला. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे जे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले होते, त्याचाही हवाला त्यांनी दिला होता.

मसुदा वाचताना दोन शंका आल्या. पहिली सोपी होती : मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यावर काढलेला निष्कर्ष सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावाला लावता येत नाही. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा संबंध दोन्हीकडे असला, तरी घाटाला आदळून पडणाऱ्या पावसाचे गणित वेगळे असते. दुसरी शंका वहीच्या पानांतूनच निर्माण झाली. दैनिक नोंदी चढत्या क्रमाने लावल्या, तेव्हा आरंभीच्या वर्षांत ९८ ते १०४ मिलिमीटरच्या दरम्यान आकड्यांची दाटी आढळली आणि तिच्यापुढे जवळजवळ शून्यता होती. सत्तरीतल्या जुलैमध्ये पाऊस शंभराशी येऊन थबकतो आणि तोही वर्षानुवर्षे, हे संभवत नाही.

उलगडा भाईंच्या नातीने केला. ती महाविद्यालयात शिकत होती आणि आकडे संगणकात उतरवण्याचे काम तिने अंगावर घेतले होते. एका पानाच्या कडेला ‘बाटली भरून वाहिली’ असा शेरा तिला दिसला. तिने विचारले, “आजोबा, वाहून गेलेले पाणी मोजायचे कसे?” भाई म्हणाले, “बाटलीत होते तेवढे मोजले. बाहेरचे कसे मोजणार गं?”

मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होते आणि मूळ बाटली दोन लिटरची होती. एक लिटर म्हणजे १,००० घन सेंटिमीटर; त्याला २०० ने भागले असता पाच सेंटिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस येतो. दोन लिटरच्या बाटलीत त्यामुळे १०० मिलिमीटरच मावतात, गळ्यापर्यंत भरली तर आणखी थोडे. या जातीच्या मापकात वाहिलेले पाणी बाहेरच्या पात्रात साठते आणि तेही मोजणे अपेक्षित असते, परंतु ते भाईंना कोणी सांगितलेले नव्हते. २००० नंतरच्या दशकात ती बाटली फुटली आणि तिच्या जागी मोठी बाटली आली. सचिवांना दिसलेली अतिवृष्टीतील वाढ त्याच पावसाळ्यापासून सुरू होत होती.

पर्यायांचा विचार

ग्रामसभा जवळ आली होती आणि समितीत मतभेद झाले. एका सदस्याचे म्हणणे असे, की जुने आकडे कमी असले तरी पाऊस वाढला आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. मग मसुदा आहे तसा द्यावा. हा युक्तिवाद ऐकायला वाटतो तितका बेफिकीर नव्हता, कारण निष्कर्ष कदाचित खराही असू शकला असता. परंतु जो निष्कर्ष आधीच माहीत आहे, त्यासाठी वही पुढे करण्याचे कारण नव्हते, आणि वही पुढे केल्यावर एखाद्या कृषी अधिकाऱ्याने बाटलीविषयी विचारले असते, तर समितीच्या पुढच्या प्रत्येक कागदावर संशय आला असता.

दुसरा पर्याय वही बाजूला ठेवून हवामान विभागाची जाळीबद्ध आकडेवारी, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी काढलेला पाऊस, वापरण्याचा होता. ही आकडेवारी पुण्याहून उपलब्ध होते. पावसासाठी ती १९०१ पासूनची असून तिची जाळी पाव अंशाची आहे. ती मोहक आहे, कारण तिच्यात एकही रिकामी जागा नसते. मात्र पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. एवढ्या चौकोनात सत्तरीचे खोरे आणि चोर्ला घाटाचा माथा दोन्ही येऊ शकतात, आणि या दोन ठिकाणांच्या पावसात मोठा फरक असतो. शिवाय जाळीतील आकडा हा आसपासच्या केंद्रांवरून काढलेला अंदाज असतो. केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलली, की अंदाजही बदलतो आणि तो बदल हवामानाचा आहे असे भासते. गोव्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत येथे पोर्तुगीज राजवट होती. त्यापूर्वीच्या दशकांचे आकडे कोणत्या केंद्रांवर आधारलेले आहेत याची चौकशी केल्याखेरीज १९०१ पासूनची सलग रेषा काढणे धाडसाचे ठरते.

तिसरी सूचना नातीची होती : ज्या दिवशी बाटली भरली, त्या दिवशी वाळपईचा आकडा घालावा. अशी भर घालण्याच्या पद्धती आहेत आणि त्या गैर नाहीत. पण मग अतिवृष्टीच्या प्रश्नावर वही स्वतंत्र साक्षीदार राहत नाही, ती वाळपईचीच प्रत होते. लेखकाने या सूचनेला विरोध केला आणि आजही तो योग्य वाटतो.

चर्चेला वळण मिळाले ते प्रश्न उलटा केल्यावर. ‘पाऊस बदलला हे या वहीतून कसे दाखवावे’ असे विचारण्याऐवजी ‘ही वही कोणत्या प्रश्नाचे उत्तर भरवशाने देऊ शकते’ असे विचारले गेले. बाटलीची मर्यादा शंभराची होती. तेव्हा शंभराच्या खालच्या कोणत्याही उंबरठ्यासाठी वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच विश्वासार्ह होती. अति जोरदार पावसाचे दिवस मोजता येत नव्हते, परंतु ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस मोजता येत होते, कारण भरून वाहिलेली बाटलीही तो उंबरठा ओलांडतेच. हंगामाची एकूण बेरीज सदोष होती. पावसाच्या दिवसांची संख्या, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेले दिवस, निर्दोष होती. आणि काजूच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असलेला नोव्हेंबर ते मार्चमधील अवकाळी पाऊस तर बाटलीच्या गळ्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

येथे एक शंका रास्त होती. पावसाळ्यात रोज मापक पाहणारा माणूस जानेवारीतही रोज पाहतो का? उत्तर अंगणातच होते. त्या महिन्यांत सुपारी उन्हात वाळत घातलेली असते आणि रात्री चार थेंब पडले तरी घरातले सगळे उठून ती आत घेतात. भाईंच्या वहीत अवकाळी पावसाच्या नोंदी पावसाळ्यापेक्षा अधिक तपशीलवार आहेत, वेळेसकट आहेत, आणि मापता न येणाऱ्या पावसालाही ‘शिंतोडे’ असा शेरा आहे.

केलेली कृती

ग्रामसभेपुढे टिपण ठेवणे पुढच्या सभेपर्यंत लांबवावे, हा समितीचा पहिला निर्णय होता आणि तोच सर्वांत अवघड होता. सचिवांनी तो मोठ्या मनाने स्वीकारला.

त्यानंतर वह्यांचा इतिहास लिहून काढण्यात आला. मापक कोठे होता, कधी हलवला, भाई आजारी असताना कोण मोजत असे, रिकामी जागा म्हणजे ‘पाऊस नाही’ की ‘मोजले नाही’, हे सगळे प्रश्न त्यांना निवांतपणे विचारले गेले. रिकाम्या जागांचा एक नमुना लगेच लक्षात आला : दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये काही दिवस कोरे होते आणि ते दिवस दरवर्षी सरकत होते. चतुर्थीला सगळे कुटुंब मूळ घरी जात असे. हे दिवस शून्य धरले असते, तर चतुर्थी ज्या वर्षी ऑगस्टमध्ये आली त्या वर्षी ऑगस्ट कोरडा आणि ज्या वर्षी सप्टेंबरमध्ये आली त्या वर्षी सप्टेंबर कोरडा ठरला असता. ते ‘नोंद नाही’ असेच ठेवले.

प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले आणि दोघांनी ते आकडे एकमेकांचे न पाहता संगणकात भरले. जेथे दोघांत फरक पडला, तेथे बहुतेक वेळा गोंधळ १ आणि ९ या अंकांचा होता. घाईत लिहिलेल्या देवनागरीत हे दोन्ही जुळ्या भावंडांसारखे दिसतात. ११ आणि ९१ यांतला फरक जोरदार पावसाच्या दिवसांची संख्याच बदलतो, म्हणून असे प्रत्येक ठिकाण वाळपईच्या त्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहिले. भर घालण्यासाठी वाळपईचा आधार नाकारला असला, तरी वाचन तपासण्यासाठी तो घेण्यास हरकत नव्हती.

ताडून पाहताना तारखांची गडबड उघड झाली. हवामान विभागात सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच दिवसाच्या तारखेवर लिहितात. भाई सकाळी मोजत, पण पाऊस रात्री पडला म्हणून तो आदल्या दिवसाच्या तारखेवर लिहीत. सगळी वही एक दिवसाने पुढे सरकवल्यावर दोन्ही नोंदी जुळून आल्या. महिन्यांच्या बेरजांवर याचा परिणाम नगण्य होता, मात्र दिवसांची तुलना त्याशिवाय निरर्थक ठरली असती.

बाटलीच्या अंदाजाची खातरजमा द्विसंचयी आलेखाने केली. भाईंच्या पावसाची वाढती बेरीज उभ्या अक्षावर आणि वाळपईची आडव्या अक्षावर मांडली, तर दोन्ही ठिकाणांचे नाते कायम असेपर्यंत बिंदू एका सरळ रेषेत पडतात. ही रेषा बाटली बदलल्याच्या पावसाळ्यात स्पष्टपणे वाकत होती. अलीकडच्या वर्षांत उलट दिशेचा दुसरा, लहान वाक दिसला. त्याचे कारण अंगणाच्या नैर्ऋत्येला लावलेल्या पोफळी होत्या; त्या वाढल्या आणि वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस त्यांनी अडवला. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा असा नियम आहे, आणि झाड लावताना पंधरा वर्षांनंतरची उंची कोणी विचारात घेत नाही.

या टप्प्यावर समितीपुढे आणखी एक पुरावा आला. एका भाटीवाल्याने आपल्या हिशेबाच्या जुन्या वह्या आणल्या, ज्यांत दरवर्षी पहिला बोंडू कोणत्या तारखेला मळला गेला ते लिहिलेले होते. हंगाम पुढेमागे सरकल्याचे यावरून दिसेल, अशी सर्वांना आशा होती. परंतु भाटी कधी पेटते हे केवळ हवेवर ठरत नाही. काजूच्या जागांची पावणी (लिलाव), परवाना, मजूर यांवरही ते अवलंबून असते. त्यातच गेल्या काही दशकांत जुन्या गावठी झाडांच्या जोडीला वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७, गोवा १ अशी कलमे लागली, आणि निरनिराळ्या जातींचा मोहोर निरनिराळ्या वेळी येतो. तारीख सरकली तर ती हवेने सरकली की कलमांनी, हे वेगळे काढता येत नव्हते. भाटीच्या वह्या परत करण्यात आल्या. भाटीवाला थोडा नाराज झाला, पण त्याच्याच सूचनेवरून डोंगरावरील काही जुनी गावठी झाडे खुणा करून ठेवली आणि त्यांच्या पहिल्या मोहोराची नोंद दरवर्षी त्याच झाडांवर घ्यायची असे ठरले.

निष्पत्ती

पुढच्या ग्रामसभेत वाचलेले टिपण मूळ मसुद्याच्या मानाने फारच लहान होते. जोरदार पावसाच्या दिवसांत वर्षावर्षांत मोठा चढउतार आहे. सेन यांच्या पद्धतीने काढलेला कल किंचित वर जाणारा आहे, परंतु कल खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या मान-केंडॉल या सांख्यिकी चाचणीनुसार तो योगायोगाचा भाग नाही असे म्हणता येत नाही, एवढेच पावसाळ्याविषयी म्हटले होते. नोव्हेंबर ते मार्चमधील पावसाचे दिवस वहीच्या शेवटच्या दहा वर्षांत पहिल्या दहा वर्षांपेक्षा जास्त होते, मात्र मूळ संख्याच इतकी लहान, की दोन-तीन दिवसांच्या एका झडीने चित्र पालटते, हेही तेथेच सांगितले होते. पावसाच्या आगमनाबाबत कोणताही कल मांडला नाही. २०२३ मध्ये ११ जून आणि २०२५ मध्ये मेचा शेवटचा आठवडा, इतका फरक अवघ्या दोन वर्षांत पडतो, तेथे तीन-चार दशकांतून कल निघण्यासाठी तो फार ठळक असावा लागेल.

तापमानाविषयी टिपण गप्प होते, कारण वहीत तापमान नव्हते. एका सदस्याचा आग्रह होता, की पणजीच्या वेधशाळेचे आकडे घालावेत. समुद्राजवळच्या, वाढत्या शहरातील आकड्यांवरून सत्तरीतील थंडीच्या रात्रींविषयी बोलणे उचित नाही, म्हणून ते वगळले.

सभेत प्रश्न आला, “मग एवढे करून सांगायचे काय?” त्यातला वैताग समजण्यासारखा होता. सचिवांनी दिलेले उत्तर मला आवडले : गावाकडे १९९१ ते २०२० या आंतरराष्ट्रीय संदर्भकाळातील पावसाच्या दिवसांचे सरासरी वेळापत्रक आता आहे, आणि यापुढचे प्रत्येक वर्ष त्याच्याशी ताडता येईल. एकूण पावसाची सरासरी मात्र त्यांनी दिली नाही, कारण बाटली नेमकी त्या तीस वर्षांच्या मध्यात बदलली होती.

कृषी कार्यालयाने टिपण ठेवून घेतले. शेतकरी आधार निधीतून मिळणारी भरपाई प्रत्यक्ष पाहणीत आढळलेल्या नुकसानीवर ठरते, हवामानाच्या कलावर नाही, असे तेथे स्पष्ट झाले. म्हणजे भरपाईच्या ज्या मागणीसाठी हा खटाटोप आरंभला, तिला त्याची गरजच नव्हती. हे समितीने पहिल्या बैठकीतच विचारले असते, तर घाई करण्याचे दडपण उरले नसते.

वेगळे काय करता आले असते

मोठी बाटली आणली त्या पावसाळ्यात लहान बाटलीचा दुसरा मापक शेजारी ठेवून वर्षभर दोन्ही मोजले असते, तर दोन्ही काळखंड जोडता आले असते. त्या वेळी हे सुचणे शक्य नव्हते, पण आता तसे करण्यास अडचण नाही. समितीने नवा मापक घेतला असून त्याचे तोंड १०० चौरस सेंटिमीटरचे आणि बाटली दहा लिटरची आहे, म्हणजे तिच्यात १,००० मिलिमीटर मावतात. जुना मापक लगेच काढून टाकू नये, दोन पावसाळे तरी दोन्ही चालवावेत, असे ठरले आहे. काचपात्रे मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी लागतील. २०० चौरस सेंटिमीटरसाठी आखलेल्या पात्राने १०० चे पाणी मोजले, तर पाऊस निम्मा दिसेल, आणि ती चूक बाटलीच्या चुकीपेक्षा ओळखायला कठीण आहे, कारण आकड्यांत कोठेही दाटी होत नाही.

टिपणाच्या क्रमातही बदल हवा होता. वह्यांचा इतिहास आधी विचारायला हवा होता आणि बेरीज नंतर. भाईंना बाटलीची गोष्ट ठाऊक होती, त्यांनी ती लपवलीही नव्हती. ती विचारण्याआधीच मसुदा तयार झाला होता. अशा नोंदी ज्यांच्याकडे आहेत, ती माणसे वृद्ध आहेत, आणि आकडे छायाचित्रांत टिकतील, पण रिकाम्या जागांचा अर्थ त्यांच्या तोंडूनच घ्यावा लागेल. समितीने शेजारच्या दोन गावांतील जुन्या वह्यांसाठी प्रश्नांची यादी केली आहे. तिच्यातला पहिला प्रश्न बाटलीच्या मापाचा आणि दुसरा चतुर्थीचा आहे.

नव्या मापकाच्या जागेवरून मात्र अजून एकमत नाही. शाळेचे मैदान मोकळे आहे, पण तेथे मेमध्ये कोणी नसते आणि अवकाळी पाऊस नेमका तेव्हाही येतो. भाईंच्या अंगणात रोज माणूस आहे, पण पोफळी आहेत. पोफळी तोडाव्यात असे नातीने सुचवले होते. भाईंनी त्याला साफ नकार दिला आहे.